दप्तरातील संक्षेप व त्यांचे भाषांतर : बीड जिल्ह्यातील नोंदींच्या निमित्ताने

जुन्या सरकारी नोंदींचे भाषांतर करणाऱ्यास अवघड शब्दांपेक्षा अर्धवट शब्द अधिक छळतात. अवघड शब्द कोशात सापडतो. लेखनिकाने एका अक्षरावर सोडून दिलेला शब्द कोशात नसतो. बीड जिल्ह्यात ही अडचण विशेष जाणवते, आणि तिचे कारण ऐतिहासिक आहे. इ. स. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. वरच्या कचेऱ्यांची भाषा आधी फारसी व पुढे उर्दू, गावच्या पटवाऱ्याची लेखणी पुष्कळदा मोडी, आणि नंतरचे कागद बाळबोध मराठीत, असा तिहेरी वारसा येथील दप्तरांत आहे. तिन्ही लेखनपद्धतींचे संक्षेप निरनिराळे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाऊन मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून एखाद्या अक्षराचा अर्थ काय, हा प्रश्न अभ्यासिकेतून निघून घराघरांत पोहोचला आहे.

मोडीत संक्षेपाची खूण म्हणजे अक्षरापुढील उभी रेघ. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘त॥’ म्हणजे तर्फ. परंतु याच दोन रेघा अंकापुढे आल्या की अर्धा दर्शवितात. ‘५॥’ म्हणजे साडेपाच. नवशिक्याची पहिली ठेच येथे लागते, पण ती लवकर बरी होते.

खरी कसोटी ‘कु.’ या अक्षराची. शाळेच्या प्रवेशनोंदीत मुलीच्या नावाआधी ते ‘कुमारी’ असते. सातबाऱ्यावरील ‘कु.का.’ मध्ये ते ‘कुळ’ (कुळकायदा), आणि ‘ए.कु.मॅ.’ मध्ये ‘कुटुंब’ (एकत्र कुटुंब मॅनेजर). जातीच्या रकान्यात मात्र ते ‘कुणबी’ असेल किंवा ‘कुंभार’ही असेल. कोणी म्हणेल, कुंभार असता तर लेखनिकाने ‘कुं.’ असा अनुस्वार दिला असता. बाळबोध लेखनापुरता हा तर्क काहीसा ग्राह्य धरता येईल. मोडीत तो टिकत नाही. मोडीत अनुस्वार वारंवार गाळला जातो, ऱ्हस्वदीर्घाचा भेद तर पाळलाच जात नाही. उर्दू नोंदीत निराळा घोटाळा होतो. तेथे शब्द पूर्ण असूनही घाईच्या लिखाणात नुक्ते गळतात, आणि नून, बे व ते ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली असता केवळ नुक्त्यांनीच ओळखू येतात. म्हणजे शब्द पुरा लिहूनही त्याचा संक्षेपच होतो.

अशा वेळी निर्णय कशावरून घ्यावा? प्रस्तुत लेखकाच्या मते कोशापेक्षा त्या लेखनिकालाच विचारावे. तो हयात नसला तरी त्याची वही असते. पुष्कळ लेखनिक पानाच्या आरंभी शब्द पूर्ण लिहितात व खाली आद्याक्षरावर येतात. त्याच हातची मागची-पुढची पाने चाळावीत; त्याच कुटुंबाची दुसऱ्या वर्षाची नोंद पाहावी; त्या गावात कुणबी व कुंभार दोन्ही असतील, तर लेखनिक त्यांत भेद कसा करतो ते न्याहाळावे. एका वहीतील निर्णय दुसऱ्या हाताच्या वहीस लावू नये.

नात्याच्या संक्षेपांतील चूक याहून घातक ठरते. मराठवाड्यातील जमिनीच्या कागदांत ‘पि.’ म्हणजे पिता व ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. ‘कोंडाबाई भ्र. तुकाराम’ याचा अर्थ तुकारामाची पत्नी कोंडाबाई. भाषांतरकाराने हे ‘भ्राता’ असे वाचले, तर विधवा वारस बहीण होऊन बसते आणि तिचा हक्क एका अक्षरापायी संशयात पडतो. संस्कृत येणाऱ्यालाच ही चूक अधिक सुचते, हे गमतीचे आहे.

सनांचेही तसेच. उर्दू कागदांत आकड्यापुढे फसलीसाठी ‘फे’ व हिजरीसाठी ‘हे’ हे अक्षर असते. ते पुसट असल्यास काय होते पाहा. हैदराबादी फसली १३४३ म्हणजे ऑक्टोबर १९३३ ते ऑक्टोबर १९३४. हिजरी १३४३ म्हणजे ऑगस्ट १९२४ ते जुलै १९२५. नऊ वर्षांचे अंतर! समजा, या साली जन्मलेल्या मनुष्याने १९४५ साली शेत विकले. एका वाचनाप्रमाणे तो वीस वर्षांचा सज्ञान, दुसऱ्याप्रमाणे अकरा वर्षांचा अज्ञान. त्यावर खरेदीखताचे भवितव्य अवलंबून. येथे महिन्याचे नाव साहाय्यास येते. आजुर, दै, बहमन, तीर हे महिने फसलीचे. रजब, शाबान, रमजान हे हिजरीचे. ‘तीर’ वाचता आले की सनाचे अक्षर न दिसूनही मे १९३४ च्या आसपासचा काळ निश्चित होतो.

इतके करूनही काही अक्षरे उलगडत नाहीत. तेथे अनुवादकाने मूळ अक्षर जसेच्या तसे ठेवावे व कंसात लिहावे : ‘मुळात “कु.” एवढेच, विस्तार अनिश्चित’. अर्जदारास हे रुचत नाही, पुष्कळदा तो रागावतोही. परंतु प्रमाणित भाषांतर पुढे पुरावा म्हणून वाचले जाते, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्यास मूळ लिपी येत नसते. अनुवादकाचा अंदाज त्याच्या दृष्टीने दप्तराचाच शब्द ठरतो.

अर्ज घेताना एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. लोक बहुधा आपल्या ओळीपुरतीच नक्कल आणतात, आणि तीत जातीच्या किंवा गावाच्या रकान्यात ‘कि॥’ एवढेच असते. ‘कि॥’ म्हणजे कित्ता, वरच्याप्रमाणे. ती वरची ओळ नकलेत नसते. म्हणून भाषांतरास बसण्यापूर्वी संपूर्ण पानाची नक्कल मागवावी, आणि पानाची पहिलीच ओळ ‘कि॥’ ने सुरू होत असेल तर मागच्या पानाचीही.