हान्लेची ‘मेस’ : उघड्यावर उभी असलेली दुर्बीण

लडाखच्या आग्नेय भागात, हान्ले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२७० मीटर उंचीवर उभारलेली ‘मेस’ ही दुर्बीण गॅमा किरणांचा माग काढते. दृश्य प्रकाशाच्या अब्जावधी पट ऊर्जा असलेले हे किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. वातावरणात शिरताच त्यांच्यापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन या कणांचा वर्षाव सुरू होतो आणि हवेतील प्रकाशापेक्षाही अधिक वेगाने धावणारे हे कण निळसर झळक उमटवतात. चेरेन्कोव्ह प्रारण म्हणून ओळखली जाणारी ही झळक सेकंदाच्या काही अब्जांश भागच टिकते. दुर्बीण जितकी उंचावर, तितकी ती या वर्षावाच्या जवळ असते आणि तिच्या वाट्याला येणारा प्रकाश अधिक दाट असतो, त्यामुळे तुलनेने कमी ऊर्जेचे गॅमा किरणही तिला टिपता येतात.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या आणि इतर भारतीय उद्योगांच्या सहकार्याने ही दुर्बीण घडवली. २१ मीटर व्यासाचा परावर्तक आणि सुमारे १८० टन वजन असा तिचा पसारा असून तिच्यावर घुमट नाही. एवढ्या मोठ्या, सर्व दिशांना वळणाऱ्या यंत्रासाठी फिरता घुमट बांधणे म्हणजे दुसरे तितकेच अवघड यंत्र बांधणे होय. मात्र घुमट वगळल्यावर शून्याखाली २५-३० अंशांपर्यंत उतरणारी थंडी, वारा, धूळ आणि विरळ हवेतून येणारे प्रखर ऊन हे सारे दुर्बिणीलाच सोसावे लागते, आणि तिची जवळजवळ प्रत्येक बाब याच एका निर्णयातून ठरलेली दिसते.

आरशांचेच पाहावे. परावर्तकावर ३५६ तक्ते असून प्रत्येक तक्ता सुमारे अर्धा मीटर बाजूच्या चार चौकोनी आरशांचा आहे. हे आरसे काचेचे नसून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने त्यांचा पृष्ठभाग कातून चकचकीत केलेला असतो आणि त्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचे पातळ संरक्षक लेपन असते. परंतु आरसे टिकाऊ असून भागत नाही, कारण तापमान ५० अंशांनी बदलले तर २१ मीटर लांबीचे पोलाद बारा-तेरा मिलिमीटरने लांब किंवा आखूड होते, शिवाय दुर्बीण कलली की सांगाडा स्वतःच्या भारानेही किंचित वाकतो. म्हणून तक्ते मोटारींच्या साहाय्याने सूक्ष्म प्रमाणात हलवून पुन्हा एका केंद्राकडे रोखण्याची व्यवस्था केलेली आहे.

हे सारे धूड २७ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळावर सहा चाकांनी फिरते. परावर्तकासमोर सुमारे २५ मीटरवर तोललेल्या कॅमेऱ्यात १,०८८ प्रकाशगुणक नलिका, म्हणजे अत्यंत क्षीण प्रकाशाचेही विद्युत संकेतात रूपांतर करणारी उपकरणे, बसवलेली असून त्यांचे संकेत हाताळणारे इलेक्ट्रॉनिक्सही तेथेच आहे.

जिथे समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब सुमारे ६० टक्केच असतो, तिथे श्रम करणाऱ्या माणसाला लवकर धाप लागते आणि हिवाळ्यात बांधकाम जवळजवळ अशक्य होते. अशा परिस्थितीत ही जोडणी पुरी करणाऱ्या तंत्रज्ञांचे आणि कामगारांचे काम शास्त्रज्ञांच्या कामाइतकेच मोलाचे आहे. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दुर्बिणीचे उद्घाटन झाले. तिचे रेखांशावरील स्थानही महत्त्वाचे आहे, कारण कॅनरी बेटांवरील ‘मॅजिक’ दुर्बिणींपेक्षा हान्ले सुमारे ९७ अंश पूर्वेला आहे; एखाद्या दूरच्या दीर्घिकेतील स्फोटक झळाळी काही तासांत बदलत असताना हान्लेहून ती साडेसहा तास आधी पाहता येते आणि नंतर पश्चिमेकडील दुर्बिणींना तेच निरीक्षण पुढे चालवता येते.