गिटारचा कंठ : व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर ?

विजेवर वाजणाऱ्या गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तारेच्या कंपनातून उमटणारा क्षीण विद्युतप्रवाह ॲम्प्लिफायर मोठा करतो, तेव्हा कुठे तिला कंठ फुटतो. तो व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा, असे काही मित्र मला विचारतात. प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. घरून आलेल्या पैशांचा आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचनळी. आतील तापलेल्या कॅथोडपासून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात आणि मधली जाळी त्यांना कमी-अधिक अडवते. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेला ट्रान्झिस्टर हेच काम तंतू न तापवता, घन पदार्थात करतो.

खरा फरक ऐकू येतो तो आवाज क्षमतेबाहेर चढवल्यावर. व्हॉल्व्हमध्ये लहरीचा माथा हळूहळू वाकतो; ट्रान्झिस्टरमध्ये तो विळ्याने कापल्यासारखा सपाट होतो. लहर अशी बदलली की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वरही उमटतात. तंबोरा ऐकणाऱ्यांना हे नवे नाही : दुपटीवर तार षड्ज, तिपटीवर त्यापुढचा पंचम, पाचपटीवर गंधार. वाकलेल्या लहरीत हे जवळचे स्वर अधिक. कापलेल्या लहरीत सातपट, अकरापट असे दूरचेही जोराने मिसळतात आणि आवाज कर्कश होतो. म्हणून रॉक वादकांना व्हॉक्स, मार्शल यांचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर प्रिय. उलट, स्वच्छ आवाजासाठी रोलंडचा १९७५ चा ट्रान्झिस्टरवरील 'जाझ कोरस' नावाजला गेला.

आता आपल्याकडचा विचार. व्हॉल्व्हला तीनशे-चारशे व्होल्ट लागतात. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणा भार उरतो, म्हणून पेटी उघडू नये. स्पीकर जोडल्यावाचून तो चालू केल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात. एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते तयार होत. आज मुख्यत्वे रशिया, चीन व स्लोवाकियातून येतात. ऐन कार्यक्रमात एक निकामी झाला, तर कंधारात दुसरा कोठून आणावा ? ट्रान्झिस्टरचा संच हलका, स्वस्त. छोटे संच तर बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. प्रचाराच्या जीपवरचे कर्णे वाजतात ते याच गुणामुळे.

माझे मत असे : रियाज, भावगीताची साथ आणि स्नेहसंमेलन यांसाठी दहा-वीस वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर पुरे. सभागृह मोठे असल्यास त्याच्यासमोर माइक ठेवावा. व्हॉल्व्हसारखा फाटका आवाज हवाच असेल, तर त्याची नक्कल करणारी डिजिटल साधनेही आता मिळतात. मित्रहो, उरलेले पैसे चांगल्या तारांवर आणि शिकवणीवर खर्च करावेत. बेसूर बोटांना कोणताही ॲम्प्लिफायर सुरात आणीत नाही, त्यांचा बेसूरपणा तेवढा दूरवर पोचवतो.