सत्तेच्या ओसरीवरचे विद्यापीठ

विद्यापीठांची चरित्रे : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण पेकिंग विद्यापीठ पाहिले. १८९८ साली राजदरबाराच्या हुकमाने ते निघाले आणि १९१९ मध्ये त्याच्याच विद्यार्थ्यांनी सरकारच्या नाकी नऊ आणले. आजचे विद्यापीठ उलट्या वाटेने आले आहे. ते आधी पक्षाचे होते, विद्यापीठ मागाहून झाले. बीजिंगच्या रेनमिन विद्यापीठात अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, पत्रकारिता, इतिहास हे मुख्य विषय. चीनच्या बहुतेक नामवंत विद्यापीठांत विज्ञान-अभियांत्रिकीचे पारडे जड असते. इथे ते हलके आहे.

सुरुवात १९३७ची. जुलैत जपानने उघड चढाई केली आणि शहरांतली शिकलीसवरलेली मुले कम्युनिस्टांच्या येनानकडे निघाली. शिआनहून तीनेकशे किलोमीटरची वाट कित्येकांनी पायी तुडवली. या मुलांना झटपट तयार करून कामाला लावायचे म्हणून पक्षाने शानबेई सार्वजनिक विद्यालय काढले. प्राचार्य होते छंग फांगवू. जपानमध्ये शिकलेले, गुओ मोरो आणि यू ताफू यांच्या जोडीने साहित्यमंडळ चालवलेले लेखक, आणि पुढे लाँग मार्च पुरा चाललेले कार्यकर्ते. वर्ग उघड्यावर भरत. बसायला जमीन नाहीतर वीट, वही ठेवायला गुडघा, राहायला डोंगरात कोरलेल्या गुहा, जेवायला राळ्याचा भात. अभ्यासक्रम काही महिन्यांचाच. समाजशास्त्रांची तोंडओळख, गनिमी युद्ध आणि लोकांना संघटित करण्याची रीत एवढे शिकले की विद्यार्थी आघाडीवर रवाना. समाज समजून घ्यायचा तो बदलण्यासाठी, आणि कसा बदलायचा ते पक्ष सांगणार, हा या संस्थेचा पाया तिथेच घातला गेला.

१९३९ मध्ये हे विद्यालय, लू शुन कला अकादमीचा एक भाग आणि आणखी दोन संस्था एकत्र करून उत्तर चीन संयुक्त विद्यापीठ झाले आणि ते थेट जपानी फौजांच्या पिछाडीला, शान्शी-चाहार-होपेईच्या सीमाप्रदेशात गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही त्याच वर्षी येनानला पोचले आणि नंतर याच सीमाप्रदेशात काम करता करता १९४२ मध्ये वारले. कोटणीसांच्या चरित्रात भेटणारे डोंगर आणि हलती इस्पितळे डोळ्यांपुढे आणली, की त्याच मुलखातले हे हलते विद्यापीठ कसे चालत असेल याची कल्पना येते.

१९४८ मध्ये इतिहासकार फान वनलान यांचे उत्तर विद्यापीठ त्यात मिळाले. सत्ता हातात आली आणि डिसेंबर १९४९ मध्ये नव्या सरकारने याच संस्थेचे रेनमिन विद्यापीठ करायचे ठरवले. ३ ऑक्टोबर १९५० रोजी उद्‌घाटन झाले; भाषण ल्यू शाओची यांनी केले. अध्यक्षपदी आले वू यूचांग. राजेशाहीविरुद्धच्या क्रांतीतही भाग घेतलेले हे गृहस्थ तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते.

पहिले बस्तान बसले ते थिएशीत्झ गल्लीतल्या जुन्या सरकारी वाड्यात. याच वाड्यासमोर मार्च १९२६ मध्ये त्वान छीरुईच्या सरकारने निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि ४७ जणांचा बळी घेतला होता. आता तिथे नवे सरकार आपले अधिकारी घडवू लागले. आर्थिक नियोजन, वित्त, व्यापार, सहकार, कारखाना व्यवस्थापन, कायदा, परराष्ट्र व्यवहार आणि रशियन भाषा हे विभाग. ही यादी विद्यापीठापेक्षा मंत्रालयाची वाटावी अशी आहे, आणि हेतूही तोच होता. शिकवायला सोव्हिएत तज्ज्ञ आले. त्यांच्या व्याख्यानांची भाषांतरे हीच पाठ्यपुस्तके ठरली आणि ती देशभरच्या महाविद्यालयांत गेली. कामगार-शेतकरी घरांतल्या प्रौढांसाठी जलद माध्यमिक शाळा निघाली. १९५५ मध्ये परराष्ट्र विभाग वेगळा होऊन राजनयाची स्वतंत्र संस्था बनला.

आज्ञाधारक म्हणून घडवलेल्या या घरातूनच पहिले खडे सवाल आले. १९५७ मध्ये माओंनी टीकेला मोकळीक दिली, तेव्हा कायद्याची विद्यार्थिनी लिन शीलिंग हिने पेकिंग विद्यापीठात जाऊन भाषण केले. लोकशाही नसलेला समाजवाद खरा समाजवाद नव्हे, असे तिचे म्हणणे. काही आठवड्यांतच वारे फिरले आणि टीकाकारांविरुद्धच मोहीम सुरू झाली. तिला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. इथलेच व्याख्याते ग फेइची यांचे बोलणे वृत्तपत्रात मोडतोड करून छापले गेले आणि ते १९७५ पर्यंत तुरुंगात राहिले. त्या मोहिमेत ‘उजवे’ ठरलेल्या साडेपाच लाखांपैकी जवळपास सगळ्यांवरचा डाग पुढे सरकारने पुसला. लिनवरचा पुसला नाही. २००९ मध्ये ती फ्रान्समध्ये वारली.

सांस्कृतिक क्रांतीने तर घरच मोडले. उद्‌घाटन करणारे ल्यू शाओची १९६९ मध्ये कैदेत वारले आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ बरखास्त झाले. प्राध्यापक च्यांगशी प्रांतात शेतीकामाला गेले, विभाग इतर संस्थांत वाटले गेले आणि आवारात लष्कराच्या क्षेपणास्त्र दलाने तळ ठोकला. १९७८ मध्ये दारे पुन्हा उघडली. अध्यक्ष झाले तेच छंग फांगवू, आता ऐंशी ओलांडलेले. पण जागा लष्कर सोडेना. ऑक्टोबर १९७९ मध्ये विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला आणि थेट सत्ताकेंद्र चुंगनानहायवर मोर्चा नेला. मागणी एकच: आमचे विद्यापीठ परत द्या. हळूहळू इमारती मोकळ्या झाल्या.

त्याच काळात या घराचा एक माजी विद्यार्थी चीनचा सूर बदलणाऱ्या वादात पुढे होता. रेनमिनमध्ये तत्त्वज्ञान शिकलेले हू फूमिंग यांनी सत्याची कसोटी व्यवहारच, असे प्रतिपादणारा लेख लिहिला. मे १९७८ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि माओंचे प्रत्येक वाक्य प्रमाण मानणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. ‘वस्तुस्थितीतून सत्य शोधा’ हे रेनमिनचे ब्रीद. आवारात मोठ्या दगडावर ते कोरलेले आहे.

हे ब्रीद अजूनही सोपे नाही. २०१८ मध्ये शेनझेनच्या एका कारखान्यातले कामगार स्वतःची संघटना उभारू पाहत होते. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांवर रेनमिनमध्ये कारवाई झाली आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाने या विद्यापीठाशी असलेले दोन कार्यक्रम थांबवले. मार्क्सवाद शिकवणाऱ्या संस्थेत कामगारांची बाजू घेणे अंगाशी यावे, यातच सगळे आले. एप्रिल २०२२ मध्ये शी जिनपिंग इथे आले आणि चीनची स्वतःची ज्ञानव्यवस्था उभारायला सांगून गेले.

भौतिकशास्त्राच्या विभागालाही सत्ता त्रास देते, पण अणू त्याची बाजू बदलत नाही. समाजाचा अभ्यास करणाऱ्याचे तसे नाही. त्याने शोधायचे प्रश्न आणि सत्तेला सलणारे प्रश्न बहुतेक वेळा एकच असतात. रेनमिनला मान मिळाला तो सत्तेच्या जवळ असल्यामुळे, आणि मारही मिळाला तो त्याच कारणाने. ओसरीवर बसणाऱ्याला घरातले सगळे ऐकू येते. फक्त ते मोठ्याने सांगायची सोय नसते.

काही विषयांवर तर याहूनही वाईट वेळ आली. १९५२ मध्ये चीनच्या विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच काढून टाकला गेला आणि तो परतायला २७ वर्षे लागली. एका खेड्याच्या अभ्यासाने जगभर गाजलेले फेई श्याओथोंग यांनी ती वर्षे कशी काढली आणि परतलेला विषय पुन्हा कसा उभा केला, ते पुढील लेखांकात.