शेतातील १२ व्होल्टचे दिवे : दोष कसा शोधावा

परभणी जिल्ह्यात कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी पिकांना पुष्कळदा रात्रीच द्यावे लागते. अशा वेळी बांधावरील दिवा विझल्यास घोणस वा मण्यार पायाखाली येण्याचे भय असते. म्हणून शेतकरी बंधूंनी दोष क्रमाने शोधावा.

प्रथम बॅटरी पाहावी. पूर्ण भारलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब, काही तास विश्रांतीनंतर, सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. तो १२ च्या खाली आढळल्यास सौर पट्टीवरील धूळ पुसावी व बॅटरी पुन्हा भारावी. दाब योग्य असूनही सर्व दिवे बंद असतील, तर फ्यूज आणि बॅटरीच्या टोकांवरील क्षार तपासावा. फ्यूजच्या जागी साधी तार कदापि घालू नये. तारा जुळल्यास आग लागते.

केवळ दूरचा दिवा मंद असल्यास दोष तारेत वा सांध्यात समजावा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने २ अँपिअर प्रवाह ३० मीटर नेल्यास, जाऊन-येऊन ६० मीटरांत सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. ४ चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ही घट अर्ध्या व्होल्टवर येते. सांधे घट्ट करून पाण्यापासून झाकावेत.

ही तपासणी दिवसाउजेडीच उरकावी.