पाण्याला धाप लागते तेव्हा

मे महिन्यातली पहाट. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर अजून तांबडं फुटायचं आहे. वारा पडलेला, पाणी निपचित, आणि त्या पाण्यावर जिकडेतिकडे बारीक वर्तुळं उठताहेत. हजारो तोंडं एकाच वेळी पाण्याला टेकून उघडझाप करताहेत. नवखा गळवाला हे बघून हरखतो. एवढे मासे वर आलेत म्हणजे आज चंगळ! कणकेची गोळी लावून तो घाईघाईनं गळ टाकतो. तासभर काही हलत नाही. पलीकडच्या होडीतला भोई मात्र सावकाश जाळं उकलत बसलेला असतो. त्याला घाई नाही, कारण हे मासे खायला वर आलेले नाहीत हे त्याला ठाऊक आहे. ते श्वास घ्यायला आलेत. ज्याला धाप लागली आहे तो जेवायला बसत नाही.

गोड्या पाण्यातल्या उन्हाळी मासेमारीचं सगळं गणित या एका दृश्यात आहे. एरवी मासा शोधायचा तर त्याचं अन्न कुठं आहे ते बघतात. एप्रिल-मेमध्ये आधी बघायचं ते प्राणवायू कुठं आहे.

आमदनी घटते, खर्च वाढतो

पाणी जितकं तापतं तितका त्यात कमी प्राणवायू विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना जेमतेम ७. हे समुद्रसपाटीचे आकडे झाले. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब कमी, त्यामुळे तिथं यातूनही थोडं वजा होतं. आपण ज्या हवेत वावरतो तिच्या एका लिटरमध्ये पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. म्हणजे ऐन थंडीतही मासा आपल्या मानानं गरिबीतच श्वास घेत असतो. उन्हाळा त्या गरिबीत आणखी कपात करतो.

दुसरीकडे माशाची गरज वाढते. मासा शीतरक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चढतं-उतरतं. पाणी १० अंशांनी तापलं, की त्याच्या शरीरातल्या प्रक्रियांचा वेग आणि प्राणवायूची मागणी ढोबळमानानं दुप्पट होते. रोहू-कटल्याला २५ ते ३२ अंशांचं पाणी मानवतं. त्यात पचन जोरात चालतं आणि भूकही चांगली लागते. पाणी त्याच्या वर तापत गेलं की भूक मावळत जाते. पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असेल तोवर बहुतेक माशांचं बरं चालतं. तो ३ च्या खाली गेला की ते खाणं-पिणं सोडून फक्त तग धरतात.

पहाटेचा तुटवडा

मग गळ टाकायचा कधी? ‘भल्या पहाटे’ हे ठरलेलं उत्तर उन्हाळ्यात सगळीकडे लागू पडत नाही. त्यासाठी आधी पाण्याचा रंग बघावा.

उजनीचं पाणी हिरवं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून तिथं येऊन साठतं. त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर सूक्ष्म शैवाल पोसलं जातं. दिवसा ऊन असतं तोवर हे शैवाल प्राणवायू तयार करतं, म्हणून दुपार कलताना असं पाणी प्राणवायूनं भरलेलं असतं. सूर्य मावळला की उत्पादन बंद होतं, पण श्वसन चालूच राहतं. मासे, जिवाणू आणि खुद्द शैवाल रात्रभर साठा खात बसतात. उजाडायच्या आधीचा तास हा सर्वांत मोठ्या टंचाईचा. म्हणून हिरव्या पाण्यावर उन्हं वर येऊन तास-दोन तास होऊ द्यावेत, किंवा सरळ दिवस कलल्यावर जावं.

मुळशी, कोयना यांसारख्या घाटमाथ्याजवळच्या जलाशयांचं पाणी त्या मानानं नितळ. तिथं शैवाल कमी, त्यामुळे दिवस-रात्रीचा हा झोकाही लहान. अशा ठिकाणी पहाटेचा गारवा माशाला खरोखर मानवतो आणि जुना सल्ला खरा ठरतो.

पाण्याचे मजले

‘ऊन वाढलं की मासा खोल जातो’ असंही सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उन्हानं वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, आणि तलावाचे जणू दोन मजले होतात. मधल्या सीमेला, जिथं थोड्याच खोलीत तापमान झपाट्यानं उतरतं, शास्त्रज्ञ थर्मोक्लाइन म्हणतात. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात ही सीमा अगदी थोड्या फरकानंही पक्की होते. १० अंशांचं एक घनमीटर पाणी एका अंशानं तापलं, तर ते साधारण शंभर ग्रॅमनं हलकं होतं. २९ वरून ३० अंशांवर गेलं, तर तीनशे ग्रॅमनं. म्हणजे इथं दोन-तीन अंशांचा फरकसुद्धा दोन्ही मजल्यांची ये-जा रोखायला पुरतो.

वरच्या मजल्याला हवा आणि ऊन मिळतं. खालच्या मजल्यावर वरून फक्त मेलेलं शैवाल आणि कचरा पडत राहतो. तो कुजताना तिथला प्राणवायू संपतो आणि नवा पोचत नाही. अशा तळाला लागलेलं जाळं रिकामं येतं, वर काळा चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास घेऊन येतं. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. जाळ्याला असा वास आला तर त्या खोलीवर पुन्हा जाण्यात अर्थ नाही. वरचं पाणी उकळतंय, खालचं गुदमरवतंय, म्हणून मासा मधे, सीमेच्या जरा वर थांबतो. गळाची तरंगती खूण वर-खाली सरकवून ही मधली खोली शोधणं, हे उन्हाळ्यातलं खरं कसब.

ही सीमा वाकवतो तो वारा. मे महिन्यात दुपारनंतर पठारावर पश्चिमेकडून वारा सुटतो. वरचं पाणी, त्यातले प्लवंग आणि तरंगते किडे तो समोरच्या काठाकडे लोटतो. लाटा फुटतात त्या काठावर पाण्यात हवा मिसळते आणि मागोमाग बारीक मासळी येते, तिच्या मागून मोठी. बसायला आडोशाचा शांत काठ सुखाचा वाटतो, पण मासा बहुधा वाऱ्याच्या मारातल्या काठाला असतो.

धरणाची पातळीही लक्षात घ्यावी. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न मोजला जाणारा. म्हणून तिथला आकडा उन्हाळ्यात ‘उणे’ जातो आणि पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडतं. पाणी ओसरतं तसा मासाही काठची उथळ मैदानं सोडून भीमेच्या मूळ पात्राकडे आणि जुन्या ओढ्यांच्या खाचांकडे सरकतो. नदी कुठून वाहत होती हे आठवणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्याला विचारावं. मासे शोधणाऱ्या यंत्राइतकाच त्याचा उपयोग होतो.

कोण कसं तगतं

सगळेच मासे सारखे हतबल नसतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं. तो पृष्ठाजवळचे प्लवंग खातो. रोहू मधल्या थरातला. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाळणारा. खोल तळ निकामी झाला, की त्याला उथळ, हवेशीर चिखलाकडे यावं लागतं. गांडुळाचं आमिष तिथं लावावं, खोलात नव्हे.

चिलापी, म्हणजे तिलापिया, हा आफ्रिकेतला मासा. त्याची मोझांबिक जात भारतात १९५२ मध्ये आणली गेली. तो पृष्ठालगतचं, हवेला टेकलेलं पातळ पाणी कल्ल्यांवरून नेत टंचाई निभावतो. मळकं, तापलेलं पाणी पचवायची ही ताकद बघितली, की उजनीच्या बाजारात रोहू-कटल्यापेक्षा चिलापीच्या पाट्या का भरतात ते कळतं.

मरळीची तर गोष्टच वेगळी. तिच्या कल्ल्यांच्या वर हवा साठवणारी पोकळी असते आणि ती थेट हवेतून श्वास घेते. तिला वर येऊ दिलं नाही, तर ती पाण्यातच गुदमरून मरते. त्यामुळे डबक्यात प्राणवायू असो-नसो, तिचं अडत नाही. दर काही मिनिटांनी एकाच जागी फुटणारा ठसठशीत बुडबुडा दिसला, की जाणता गळवाला बेडकी लावून तिथंच थांबतो. पण पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर गळ गुंडाळावा. खाली आई-बाप राखणीला असतात. जवळ येईल त्याच्यावर ते धावून जातात, म्हणून तेव्हा ते सहज लागतात. ते गेले की तासाभरात पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

डोहाचा आसरा

नद्यांची उन्हाळी कहाणी डोहात आटोपते. धार तुटते, पात्रात खडक उघडे पडतात आणि मैलभर नदीतले मासे दोन-चार डोहांत गोळा होतात. धार शिल्लक असेल तर खळखळाटाच्या लगेच खालचं पाणी बघावं. तिथं हवा मिसळलेली असते. काठावर उंबर-करंजाची सावली असेल तर आणखी उत्तम. पिकलेलं उंबर पाण्यात टपकन पडलं, की त्याच्यावर झेप घेणारा महाशीर सह्याद्रीतल्या नद्यांत असतो, किंवा ‘होता’ असं म्हणावं लागतं. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात गेल्या शतकाच्या सत्तरीपासून त्याची पैदास करून पिल्लं सोडली जातात, ती त्याचे साठे घटले म्हणूनच.

डोहाचं महत्त्व आपल्या पूर्वजांनी जाणलं होतं. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराचा डोह आहे. दोन्ही ठिकाणचे महाशीर देवाचे मानले जातात. भाविक त्यांना खाऊ टाकतात, गळ कुणी टाकत नाही. नदीतला एक डोह राखला, की उन्हाळा सरल्यावर तिथलेच मासे उरलेली नदी पुन्हा भरतात. आजच्या भाषेत हे संरक्षित क्षेत्र.

याच्या उलट टोकाला डोहात ब्लीचिंग पावडर ओतणारे, विजेची तार सोडणारे, सुरुंग उडवणारे. गेळफळाची भुकटी कालवायची जुनी रीतही आहे. त्यातलं सॅपोनिन कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्याला इजा करतं, म्हणजे तेही माशाचा श्वासच कोंडतं. जुन्या काळी ती एखाद्या दिवसापुरती, एखाद्या डोहापुरती असे. ब्लीचिंग पावडर मासा, पिल्लू, झिंगा, किडा काहीच ठेवत नाही. सगळी नदी एका डोहात जमलेली असताना तो डोह मारणं म्हणजे नदीच मारणं.

वळवाची सर

मेच्या शेवटी आभाळ भरतं, वळीव कोसळतो, पाणी गार होतं, आणि सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच. लोक विषाचा संशय घेतात. कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा कारण पावसातच असतं. वादळी वारा आणि गार पाणी मजल्यांमधली सीमा मोडतात, तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं, जमिनीवरचा कचरा वाहून येऊन कुजायला लागतो. त्यात आभाळ झाकलेलं असलं तर शैवालाची मदतही थांबते. अशा दिवशी गळ टाकून उपयोग नाही. शिवाय ग्रॅफाइटची काठी वीज वाहून नेते, म्हणून गडगडाट ऐकू आला की काठ सोडावा. ओसरत्या काठचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत कमरेएवढा असतो, त्याचंही भान ठेवावं.

मासा पकडून सोडणाऱ्या हौशी मंडळींनीही हे लक्षात घ्यावं, की तापलेल्या पाण्यात झुंजून दमलेला मासा पोहत गेला म्हणजे वाचलाच असं नाही. झुंज आटोपती घ्यावी, हात ओले करावेत, फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर धरू नये. दुपारी पाणी कोमट लागत असेल, तर त्या दिवशी गळ घरीच ठेवावा. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्यावी. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

आणि शेवटचं. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १९५७ च्या १० जुलैला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांची पैदास साधली, म्हणून आज मत्स्यबीज केंद्रं चालतात. नदीतल्या माशाला मात्र अजूनही पुराचीच वाट बघावी लागते. मेअखेरीस डोहात धापा टाकणाऱ्या रोहूच्या मादीच्या पोटात, तिच्या दर किलो वजनामागे, लाखाहून अधिक अंडी भरत आलेली असतात. पोट टणक लागलेली मादी गळाला आली, तर तिला पाण्यातच सोडवून जाऊ द्या. तिला फक्त पहिल्या पुरापर्यंत तगायचं आहे.