आधी दार सांभाळा, मग पत्रे

कोकणपट्टीतल्या शेतकरी बंधुभगिनींनो, ३ जून २०२० ची दुपार तुमच्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात असेल. ऐन रोहिणीत 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरागोठ्यांचे पत्रे उडाले. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. बाग वाऱ्यापासून वाचवणे माणसाच्या हातात फारसे नाही. पण ज्या गोठ्यात दुभती गाय बांधलेली आहे, ज्या शेडमध्ये पॉवर टिलर, पेंढा आणि भाताचे बियाणे आहे, त्याची मजबुती बरीचशी आपल्या हातात आहे.

पत्रे उडाले की आपण म्हणतो, हुक कच्चे होते. ते खरेच असते. पण पुष्कळदा सुरुवात छपरापासून होत नाही, दारापासून होते. शेडचे दार आठ-दहा फूट रुंद आणि साऱ्या इमारतीत तेच सर्वांत कमजोर. ते एकदा आत कोसळले की वारा आत घुसतो आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने छपराला खालून रेटतो. वरून वाहणारा वारा पत्र्याला ओढतच असतो. खालून रेटा आणि वरून ओढ, मग छत्री उलटते तसे छप्पर जाते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २४ ऑगस्ट १९९२ रोजी 'अँड्र्यू' वादळ झाले, तेव्हा पडझडीची पाहणी करणाऱ्या इंजिनियरांना हेच आढळले होते. मोटार ठेवण्याच्या खोलीचे रुंद दार आधी गेले, मागोमाग घराचे छप्पर.

जोर किती, याचा अंदाज घ्या. ताशी १२० किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलोचा दाब पडतो. दहा फूट बाय दहा फुटांच्या दारावर हा भार सहाशे किलोच्या वर जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हेही लक्षात असू द्या.

आता दाराकडे वळू. दुपाखी दार असेल तर जुन्या वाड्यांतला अडसर आठवा. आपल्या वाडवडिलांनी तो नुसता चोरांसाठी ठेवला नव्हता. चांगल्या जून लाकडाचे किंवा दोन इंची लोखंडी पाइपाचे दोन अडसर आतून आडवे घालावेत, एक खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणि एक वरच्या. ते ज्या कड्यांत बसतात त्या चौकटीला नव्हे, तर भिंतीत पक्क्या बसवाव्यात. चौकटच उखडली तर अडसराचा उपयोग काय? दारे वाऱ्याने बाहेरही ओढली जातात, म्हणून दाराची पाखे मधोमध अडसराला बोल्टने किंवा साखळीने जखडावीत. बिजागऱ्या खिळ्यांवर असतील तर काढून आरपार नट-बोल्टने बसवाव्यात, मागे लोखंडी पट्टी द्यावी. खालची कडी मातीत रुतवलेली असते, ती पहिल्याच झोताला सुटते. तिथे हातभर खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये पाइपाचा तुकडा बसवा आणि कडी त्यात सोडा.

गुंडाळते शटर असेल तर त्याचा दोष निराळा. ते मधे फुगते आणि दोन्ही बाजूंच्या खाचांतून निसटते. त्यासाठी काढता-घालता येणारा एक उभा पाइप आतून मधोमध लावावा. खाली जमिनीतल्या खोबणीत, वर तुळईला बोल्टने. शटर त्याला हुकाने अडकवले की आत-बाहेर दोन्हीकडे आधार मिळतो. गावचा वेल्डर हे काम एका दिवसात करील.

कित्येकजण सांगतात, एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे वारा निघून जाईल. हे ऐकू नका. सगळे बंद ठेवावे. तीन बाजूंनी भिंत आणि एक बाजू उघडी, अशी शेड तर सर्वांत धोक्याची. तिथे निदान पावसाळ्याआधी उघड्या बाजूला दार करून घ्या.

पत्र्यांचे थोडक्यात. पागोळीची कड, आढ्याची कड आणि दोन्ही टोके यांवर वाऱ्याची ओढ सर्वाधिक असते, तेव्हा तिथे हुक दाट लावावेत, प्रत्येकाला वायसर असावा. पत्रा भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नये. पत्रा वाशाला, वासा भिंतीवरच्या तुळईला आणि तुळई भिंतीला लोखंडी पट्टीने बांधलेली हवी. यातला एक सांधा जरी कच्चा राहिला तरी छप्पर तिथूनच सुटते. पत्र्यावर सुटे दगड ठेवण्याची सवय सोडा. वादळात ते गोफणीच्या गुंड्यासारखे सुटतात.

ही कामे वैशाखातच उरकावीत. इशारा आल्यावर पत्र्यावर चढू नये, जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर तर मुळीच नाही, तो पायाखाली फुटतो. त्या दिवशी मेन स्विच बंद करा. गोठा कच्चा असेल तर गुरे वेळेवर शेजारच्या पक्क्या जागेत हलवा. दार धरून ठेवायला कोणीही मागे उभे राहू नये. आणि मधेच वारा एकदम पडला, आभाळ उजळले, तरी अडसर काढू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोराने येतो.