भावाबहिणीचा एकच सोहळा

मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी बाराची झाली की आपल्या घरात काय बदलतं? मुलाला मोकळीक मिळते आणि मुलीवर बंधनं येतात. आज आपण अशा एका रीतीची माहिती घेऊ, जिथे याच वयात दोघांनाही सांगितलं जातं, "आता तू जाणता झालास, तू जाणती झालीस."

ही रीत ज्यू म्हणजे यहुदी लोकांची. आपल्या कोकणातही हा समाज आहे, बेने इस्राएल. त्यांची घरची भाषा मराठी, आडनावं पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी. तेलघाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. 1948 नंतर बरेच जण इस्राएलला गेले. काही कुटुंबं मुंबई, ठाणे, रायगड, पुणे इथे आहेत.

मुलाच्या सोहळ्याला बार मित्झ्वा म्हणतात, मुलीच्या सोहळ्याला बात मित्झ्वा. अर्थ असा, की धर्माच्या आज्ञा पाळण्याची जबाबदारी आता आईबापांवर नाही, मुलांवर स्वतःवर आली. मुलाचं वय तेरा, मुलीचं बारा.

काही घरांत मुलं शाळेत न जाता आईवडिलांकडेच शिकतात. अशा भावाबहिणीचा सोहळा एकत्र करायचा तर तयारी कशी करावी?

पहिली गोष्ट तारीख. वय हिब्रू पंचांगाने मोजतात. त्यातही आपल्यासारखे चांद्रमास आणि अधिक महिना असतो. भाऊ वर्षाने मोठा असेल तर दोघांचं वय जवळजवळ एकदमच भरतं. बहीण मोठी असेल तर ती भावासाठी थांबते. मोठ्याला थांबवता येतं, लहानाला घाईने पुढे ओढता येत नाही.

दुसरी गोष्ट वार. तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ वर्षभरात क्रमाने वाचून पूर्ण करतात. तारीख ठरली की वाचायचा भागही ठरतो. शनिवारी वाचन मोठं असतं, पण त्या दिवशी चूल पेटवायची नाही, प्रवास करायचा नाही. सोमवारी आणि गुरुवारीही वाचन होतं. ते लहान असतं आणि लांबच्या पाहुण्यांना सोयीचं पडतं.

तिसरी गोष्ट अभ्यास. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तोरा ठरावीक चालीवर म्हणतात. त्यासाठी कित्येक महिने रोजचा सराव लागतो. घरी शिकणाऱ्यांना तो दिनक्रमात बसवता येतो. चाल मात्र जाणकाराकडून घ्यावी. वाचलेल्या भागातून आपण काय शिकलो, हे मुलं चार शब्दांत सांगतात. ते भाषण दोघांनी आपापलं लिहावं.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक. जुन्या वळणाच्या प्रार्थनालयात बायका वेगळ्या बसतात आणि मुलीला तोरा वाचू देत नाहीत. म्हणून तिथे आधीच विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर सुधारक प्रार्थनालय शोधावं, किंवा मुलीचं वाचन आणि भाषण घरच्या कार्यक्रमात ठेवावं. मुलीचा सोहळा तसा अलीकडचाच. 1922 साली न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लान या बारा वर्षांच्या मुलीने सर्वांसमोर वाचन केलं, तिथून त्याला जोर आला. आपल्याकडे 1925 साली मुंबईत सुधारक ज्यूंची संस्था निघाली. ती काढण्यात पुढे होत्या डॉ. जेरुशा झिराड. त्या बायकांच्या डॉक्टर होत्या आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

जेवणात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून बेने इस्राएल बायका नारळाचं दूध वापरतात. शुभकार्याला मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नबी या पैगंबराची आठवण काढून प्रार्थना होते आणि मग मलिदा सगळ्यांना वाटतात.

मैत्रिणींनो, कुरुंद्यात हे कशाला सांगायचं? कारण बाराव्या वर्षी पोर शहाणी झाली की आपल्याकडे स्थळांची कुजबुज सुरू होते. अठराच्या आत लग्न हा कायद्याने गुन्हा आहे, आणि असं लग्न ठरत असेल तर 1098 वर फोन करता येतो. पण कायद्याआधी घर येतं. मुलगी जाणती झाली, तर तिने काय वाचलं हे तिला चार माणसांत बोलू द्यावं, भावाच्या बरोबरीने. गटाच्या पुढच्या बैठकीत बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना बोलवा. प्रत्येकाने एक पान वाचावं आणि त्यावर बोलावं. आपण ऐकावं, आणि वाटीभर गोड पोहे सगळ्यांना सारखे वाटावेत.